डुक्कर सीमा ओलांडतं तेव्हा सोबत काय काय जातं?

२०१८ च्या जूनअखेरीस नागपुरातल्या पानठेल्यांवर एकच चर्चा होती. इथल्या विमानतळावरून जिवंत शेळ्या-मेंढ्या विमानानं शारजाला जाणार होत्या. तारीख ठरली होती, मोठे पाहुणे येणार होते, आणि जैन समाजाच्या व प्राणिप्रेमींच्या विरोधानंतर ऐन वेळी तो कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. मेंढपाळाला चार पैसे जास्त मिळतील असं एक बाजू म्हणत होती, मुक्या जिवाला असं धाडणं पाप आहे असं दुसरी. त्या गदारोळात ठेल्यावरच्या एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "अरे बाप्पा, बकरा विमानात बसवता कशाले? कापून मटणच पाठवा ना!"

काकांचा प्रश्न मला आजही सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मांस बर्फात घालून पाठवता येत असताना जगभर जिवंत जनावरं का पाठवतात? याचं उत्तर शेळीपेक्षा डुकराकडून जास्त स्पष्ट मिळतं, कारण चार पायांच्या ज्या जनावरांचा जिवंत व्यापार देशांच्या सीमा ओलांडून चालतो, त्यांत डुकराचा नंबर फार वरचा आहे. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की नाला आणि उकिरडा आठवतो, अनेकांना नावही नको वाटतं. पण २०२० पासून दर थोड्या महिन्यांनी 'आफ्रिकन स्वाइन फिव्हर' या डुकरांच्या साथरोगाच्या बातम्या येतात, कुठल्या तरी गावात डुकरं मारून पुरतात, आणि ते का करतात हे बातमीत कुणी सांगत नाही. ते समजून घ्यायचं असेल तर हा व्यापार कसा चालतो ते आधी पाहावं लागतं.

संत्रं आणि संत्र्याचं कलम

वरुडजवळच्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिका आपल्याला माहीत आहेत. काटोलचा शेतकरी तिथून संत्र्याची कलमं आणतो, संत्री नाही. कारण त्याला फळ खायचं नसतं, बाग उभी करायची असते. रोप तयार करायचं कसब एका गावाकडे, जमीन आणि पाणी दुसऱ्याकडे.

डुकरांचं अगदी तसंच आहे. काही डुकरं वंशासाठी विकली जातात, म्हणजे चांगल्या जातीचे नर आणि माद्या. काही थेट कत्तलखान्यासाठी जातात. आणि सगळ्यात मोठा व्यवहार आहे तो पिल्लांचा: दूध तुटलेली, सुमारे ३० किलोपर्यंत वाढवलेली पिल्लं, जी दुसरा शेतकरी विकत घेतो आणि खाऊ घालून मोठी करतो. या पिल्लांना व्यापारात 'फीडर' म्हणतात. मी पुढे नुसतं पिल्लू म्हणेन.

आता कलमाची दुसरी बाजू. कलमासोबत माती येते, आणि त्या मातीतून डिंक्या रोग येऊ शकतो. झाड लावताना हिरवंगार दिसतं, दोन-चार वर्षांनी बुंध्यातून डिंक गळायला लागतो तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. बाजारातून आणलेलं संत्रं खाऊन साल फेकली की विषय संपतो. कलम मात्र तुमच्या बागेत राहायला येतं. मांस आणि जिवंत जनावर यांत हाच फरक आहे.

डेन्मार्कात जन्म, पोलंडमध्ये वाढ

डेन्मार्क हा देश क्षेत्रफळानं विदर्भाच्या निम्म्याहूनही लहान, लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास. तिथून वर्षाला एक कोटीहून जास्त जिवंत पिल्लं बाहेर जातात, बहुतेक पोलंडला आणि जर्मनीला. तिथली एक मादी वर्षाला तिसाच्या वर पिल्लं जगवते. हे त्यांचं कसब, आपल्या शेंदूरजनाघाटसारखं.

मग ती तिथेच का वाढवत नाहीत? कारण वाढत्या डुकराला खुराक लागतो, आणि खुराकाच्या मागोमाग शेण-मूत येतं. एवढं शेण जिरवायला जमीन लागते, त्यावर डेन्मार्कात कडक नियम आहेत. कत्तलखान्यातली मजुरीही तिथे महाग. पोलंडमध्ये मजुरी स्वस्त, आणि धान्य घरचं. म्हणून ट्रक भरतो आणि निघतो.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचंही हेच गणित आहे. तिथली लाखो पिल्लं दरवर्षी दक्षिणेला अमेरिकेतल्या आयोवा आणि मिनेसोटाकडे जातात, कारण मक्याचा पट्टा तिथे आहे. मक्याचे डोंगर उत्तरेला न्यायचे, की तीस किलोचं पिल्लू मक्याकडे न्यायचं? पिल्लू हलवणं स्वस्त पडतं.

यातून एक मजबूत भांडण उभं राहिलं. पिल्लू जन्मलं कॅनडात, वाढलं अमेरिकेत, कापलं अमेरिकेत. पाकिटावर देश कुठला लिहायचा? अमेरिकेनं २००९ पासून जन्म, वाढ आणि कत्तल या तिन्हींचा देश सांगणारं लेबल सक्तीचं केलं. ऐकायला किती रास्त वाटतं! पण त्यामुळे कत्तलखान्यांना कॅनडाची डुकरं वेगळी ठेवणं, वेगळी कापणं भाग पडलं, आणि अनेकांनी ती घेणंच कमी केलं. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि जिंकले. डिसेंबर २०१५ मध्ये संघटनेनं दोघांना मिळून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या घरात अमेरिकी मालावर जादा कर लावायची मुभा दिली, आणि त्याच महिन्यात अमेरिकी संसदेनं डुकराच्या आणि गोमांसाच्या बाबतीत ते लेबल रद्द केलं. आपल्याला हे परकं वाटू नये. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच वाणाच्या बागा राजस्थानात झालावाडलाही आहेत. ते संत्रं कुणाचं म्हणायचं?

मग मांसच का नाही पाठवत?

काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर वर आलं: पिल्लू हा अजून तयार माल नाही, त्याचं मांस करण्याची वेळच आलेली नसते. वंशाच्या डुकरांचंही तसंच. बैलाचं वीर्य गोठवून वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून आपल्याकडे गावोगावी कृत्रिम रेतन चालतं. डुकराचं वीर्य गोठवलं की त्यातलं बरंच निकामी होतं. त्यामुळे नवी जात न्यायची तर अनेकदा जनावरच न्यावं लागतं. चीनमध्ये रोगानं कळप रिकामे झाल्यावर २०२० च्या सुमारास युरोपातून खास विमानांनी हजारो डुकरं गेली ती याचसाठी.

पण जी थेट कापायलाच जातात, त्यांचं काय? तिथे कारण आहे जिभेचं. आपण सावजी मटणासाठी खाटकासमोर उभं राहून ताजं कापून घेतो, फ्रीजमधलं म्हटलं की नाक मुरडतो. हाँगकाँगच्या लोकांनाही डुकराचं मांस असंच ताजं हवं असतं. १९६२ पासून चीनच्या मुख्य भूमीवरून त्यांच्यासाठी रोज तीन रेल्वेगाड्या निघायच्या, शांघाय, झेंगझोउ आणि वुहानकडून, जिवंत जनावरांनी भरलेल्या. पुढे रस्त्यानं वाहतूक सोपी झाली आणि २०१० मध्ये त्या गाड्या बंद झाल्या. डुकरं मात्र ट्रकनं जातच राहिली.

न दिसणारा प्रवासी

कामठी रोडच्या पलीकडे एक वराहपालक आहे, पंधरा-वीस माद्यांचा. हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा फाटकातच चुन्याची जाड पांढरी पट्टी होती. "भाऊ, चप्पल त्याच्यात बुडवून या," तो म्हणाला. आत एका ड्रममध्ये हॉटेलचं उरलंसुरलं अन्न रटरटत होतं. तासभर उकळल्याशिवाय तो डुकरांना देत नाही. मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला सात पिल्लं वेगळी कोंडलेली, टवटवीत, कान उभे, एकमेकांच्या अंगावर चढणारी. मी म्हटलं, "ही तर चांगली दिसतायत. वेगळी का?" तो म्हणाला, "आज चांगली दिसतात. मी पंधरा-वीस दिवस पायतो. तवर माह्या डुकरांत नाही सोडत. त्यांची बादली वेगळी, झाडू वेगळा."

त्यानं एका वाक्यात जे सांगितलं, तेच या सगळ्या व्यापाराचं दुखणं आहे. आफ्रिकन स्वाइन फिव्हरचा विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ४ ते १९ दिवस जाऊ शकतात. डॉक्टर सकाळी तपासतो, प्रमाणपत्रावर शिक्का मारतो, त्याच्याकडून काहीही चूक झालेली नसते, आणि तरी ट्रकमध्ये रोग चढलेला असू शकतो. प्रमाणपत्र आजचं सांगतं, रोग पुढच्या आठवड्यात बोलतो. म्हणून नुसत्या कागदावर माझा विश्वास नाही. त्या कोपऱ्यातल्या पत्र्यावर आहे.

हा रोग १९२१ मध्ये केनियातून पहिल्यांदा नोंदवला गेला. माणसाला तो होत नाही, हे नीट लक्षात ठेवावं. पण त्याच्या तीव्र साथीत डुकरं जवळपास सगळी मरतात. कित्येक वर्षं तो मुख्यतः आफ्रिकेत होता. २००७ मध्ये जॉर्जियात उतरला, बहुधा बंदरात जहाजाच्या टाकाऊ अन्नातून. २०१४ मध्ये पोलंड आणि बाल्टिक देशांत पोहोचला, ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये, आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात. हा विषाणू मांसात, रक्तात, बुटाच्या तळव्याला लागलेल्या शेणात फार काळ जगतो. म्हणजे मांसाचा व्यापारही पूर्ण सुरक्षित नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण दूषित मांसाचा तुकडा डुकराच्या तोंडापर्यंत पोहोचावा लागतो. आजारी पिल्लू थेट कळपात जाऊन उभं राहतं.

म्हणून डेन्मार्कनं जर्मनीच्या सीमेवर सुमारे ७० किलोमीटरचं कुंपण घातलं, २०१९ च्या डिसेंबरात ते पूर्ण झालं. दीड मीटर उंचीचं, फक्त रानडुकरांसाठी. पुष्कळ जण हसले, पर्यावरणवाले चिडले. पण एक रोगी रानडुक्कर सापडलं की काय होतं ते पुढच्याच वर्षी शेजारी दिसलं. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत पोलंडच्या सीमेजवळ एक मेलेलं रानडुक्कर सापडलं, पाळीव डुकरांत एकही केस नव्हती, तरी चीननं अख्ख्या जर्मनीचं डुकराचं मांस बंद केलं. युरोपातल्या देशांनी मात्र फक्त तो बाधित भाग वगळून बाकी जर्मनीशी व्यवहार चालू ठेवला. या पद्धतीला झोनिंग म्हणतात: देश नव्हे, टापू बंद. कुठल्या देशानं टापू मानायचा आणि कुठल्यानं पूर्ण देश, यावर शेतकऱ्यांची वर्षं बुडतात किंवा तरतात.

माणसाला धोका नाही म्हणता, मग स्वाइन फ्लू?

हा प्रश्न नागपुरात कुणी विचारणार नाही असं होणं शक्य नाही. २००९ मध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला, २०१५ मध्ये आपल्या शहरानंही फार माणसं गमावली. स्वाइन फ्लू आणि आफ्रिकन स्वाइन फिव्हर हे पूर्ण वेगळे विषाणू आहेत. २००९ चा फ्लू माणसाकडून माणसाला खोकल्या-शिंकांतून पसरला, डुकराचं मांस खाल्ल्यानं नाही. तरी त्या वर्षी इजिप्तनं घाबरून देशातली जवळपास तीन लाख डुकरं मारून टाकली. कैरोचा ओला कचरा खाणारी डुकरं तीच होती. पुढे गल्ल्यांत कचऱ्याचे ढीग साचले आणि कचरा वेचणाऱ्या गरीब कुटुंबांचं पोट गेलं.

पण त्या विषाणूच्या जन्माची कथा आपल्या विषयाशी जोडलेली आहे. त्यात उत्तर अमेरिकेच्या डुकरांतला आणि युरोप-आशियाच्या डुकरांतला, असे दोन घराण्यांचे तुकडे एकत्र आले होते. समुद्रापल्याडचे हे दोन विषाणू आपणहून भेटणारे नव्हते. संशोधकांनी माग काढला तेव्हा ही सरमिसळ मध्य मेक्सिकोतल्या डुकरांत झाल्याचं दिसलं, जिथे दोन्हीकडून जिवंत डुकरं आयात होत होती.

आणि निपाह. १९९८ मध्ये मलेशियाच्या पेराक राज्यात डुकरं पाळणारी माणसं तापानं, मेंदूज्वरानं मरायला लागली. आधी सगळ्यांना तो जपानी मेंदूज्वर वाटला. घाबरलेल्या शेतकऱ्यांनी डुकरं मिळेल त्या भावात विकून टाकली. त्या ट्रकांसोबत रोग दक्षिणेला गेला, सुंगाई निपाह या गावात, ज्याचं नाव विषाणूला मिळालं. १९६५ मध्ये आपल्या नागपूरच्या चांदीपुराचं नाव असंच एका विषाणूला चिकटलं, त्यामुळे मला त्या गावाबद्दल नेहमी वाईट वाटतं. पुढे मलेशियातली जिवंत डुकरं सिंगापूरच्या कत्तलखान्यात पोहोचली आणि तिथले ११ कामगार आजारी पडले, एक दगावला. मलेशियात सुमारे २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू झाले, दहा लाखांहून जास्त डुकरं मारली गेली. मूळ विषाणू वटवाघळांचा. केरळमध्ये येतो तो निपाहही वटवाघळांतला, डुकरांतला नाही. पण मलेशियात त्याला गावोगावी नेलं ते भीतीपोटी झालेल्या विक्रीनं.

आपल्याकडे तर परदेशी डुकरं येतच नाहीत. मग आपल्याला काय?

पूर्ण खरं नाही. वंशासाठी लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँड्रेस, ड्युरॉक या परदेशी जाती आपल्याकडे आल्या, आजही सरकारी परवान्यानं आणि क्वारंटाइन केंद्रातून येऊ शकतात. त्यासाठीचा मूळ कायदा १८९८ चा आहे. २०२३ मध्ये तो बदलून जिवंत प्राण्यांच्या निर्यातीलाही त्यात आणणारा मसुदा केंद्रानं काढला आणि लोकांच्या विरोधानंतर त्याच जूनमध्ये मागे घेतला.

खरा व्यापार मात्र देशाच्या आतच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरं होती, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्के कमी. त्यांतली जवळपास २१ लाख एकट्या आसामात. ईशान्येत डुकराला लग्नात, सणात, घरात जी जागा आहे ती आपल्याकडे बकऱ्याला आहे. तिथे पुरत नाहीत म्हणून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातून जिवंत डुकरांचे ट्रक हजारो किलोमीटर जातात. पोलंडपर्यंतचा प्रवास त्यापुढे काहीच नाही.

सोयाबीनचं सांगू का? जगाच्या सोयाबीन व्यापारातला निम्म्याहून जास्त माल चीन घेतो, आणि त्याची ढेप मुख्यतः डुकरं आणि कोंबड्या खातात. आपल्या कळमना बाजारातला सोयाबीनचा भाव चीनमधल्या डुकरावर ठरतो असं म्हणणं ताणल्यासारखं होईल. पण २०१८ नंतर तिथले कळप कमी झाले तेव्हा जगभरचे सोयाबीनवाले धास्तावले होते, हे खरं आहे.

एक गोष्ट तर आपण घराशेजारी पाहिली. २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि जानेवारीत कळलं की तो बर्ड फ्लू होता. पक्ष्यांचा रोग वाघापर्यंत. शहराच्या कडेला, नाल्याकाठी, कुणाच्या नोंदीत नसलेल्या डुकरांकडे महापालिका फक्त 'पकडून न्यायची' म्हणून पाहते, तेव्हा मला भीती वाटते. ज्याची मोजणी नाही, त्याच्या आजाराची खबर कोण देणार? पशुवैद्यक विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, सेमिनरी हिल्सवर कॉलेज आहे. तिथला डॉक्टर त्या वस्तीत वर्षातून दोनदा गेला तर पाळणारा माणूस लपवणार नाही, कारण त्याला कुणीतरी माणूस म्हणून विचारलेलं असेल. आणि मारलेल्या डुकराची भरपाई वेळेवर मिळत असेल तर तो मलेशियासारखी रात्रीतून विक्री करणार नाही.

मग सरळ बंदीच का नको?

प्रवासात डुकराचे होणारे हाल पाहिले की हाच विचार पहिल्यांदा येतो. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं. ट्रकमध्ये चिखल नसतो. अनोळखी डुकरं एकत्र कोंबली की चावाचावी करतात, गाडी लागून त्यांना उलट्याही होतात. युरोपच्या नियमात १०० किलोच्या डुकराला साधारण साडेचार चौरस फूट जागा आहे, आणि पाण्याची सोय असेल तर सलग २४ तास प्रवास चालतो. आपल्या मोटार वाहन नियमात डुकरामागे ०.६ चौरस मीटर, म्हणजे साडेसहा चौरस फूट जागा सांगितली आहे. कागदावर आपण जास्त दयाळू आहोत. मे महिन्यात, ४५ अंशांत, हायवेवर दुपारी उभ्या टेम्पोजवळ जाऊन बघा.

ब्रिटननं २०२४ मध्ये कायदा करून कत्तलीसाठी आणि वाढवण्यासाठी जिवंत जनावरं परदेशी पाठवणं बंद केलं. कापायलाच न्यायचं जनावर शेकडो मैल जिवंत नेऊ नये, असं माझंही स्पष्ट मत आहे. तिथे काकांचा सल्ला शंभर टक्के बरोबर. पण बंदी घातली म्हणून रोगाची वाट बंद होतेच असं नाही, तेही दिसलेलं आहे. निपाहनंतर सिंगापूरनं मलेशियाची डुकरं बंद केली आणि इंडोनेशियाच्या पुलाऊ बुलान बेटावरून घ्यायला सुरुवात केली, एकाच बेटावरून, देखरेखीत. व्यवस्था चांगली चालली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच बेटावरच्या डुकरांत आफ्रिकन स्वाइन फिव्हर सापडला. आणि जिथे मागणी राहते पण परवानगी नसते, तिथे माल रात्री येतो. रात्री आलेल्या पिल्लाला कुणी पंधरा दिवस वेगळं ठेवत नाही.

लस? व्हिएतनामनं आफ्रिकन स्वाइन फिव्हरच्या लसींना परवानगी दिली आहे, पण जगानं अजून ती मोकळेपणानं स्वीकारलेली नाही. तोवर साबण, चुना, उकळतं पाणी आणि धीर हीच औषधं.

रिकामा ट्रक

सगळ्यांचं लक्ष भरलेल्या ट्रकवर असतं. चीनमध्ये सुरुवातीच्या साथींचा तपास झाला तेव्हा वाहनं आणि माणसं हीच पसरण्याची मोठी वाट निघाली. डुकरं उतरवून रिकामा परतणारा ट्रक, त्याच्या फळ्यांच्या फटीतलं शेण, ड्रायव्हरचे बूट. म्हणून डेन्मार्कात परतणारा रिकामा ट्रक सीमेवर धुऊन, निर्जंतुक करून मगच आत घेतात, आणि रोगाच्या भागातून आला असेल तर काही काळ डुकरांच्या जवळ जाऊ देत नाहीत.

कामठी रोडवरच्या त्या वराहपालकाकडून निघताना त्याचा भाचा छोटा हत्ती धूत होता. डुकरं सोडून परत आलेला. आधी झाडून काढलं, मग साबणाचं पाणी, मग मागची फळी काढून तिच्या खाचेत खिळ्यानं कुरतडून कुरतडून वाळलेलं शेण काढलं. दुपारचा दीड वाजला होता, पोरगा जेवलेला नव्हता. "मामा, झालं ना आता?" त्यानं विचारलं. मामानं वाकून खाचेत बोट फिरवलं, बोट उन्हात धरून पाहिलं आणि बादली पुन्हा त्याच्याकडे सरकवली.